ताई, तुमचा टॉर्च माझ्याकडेच राहिलाय

काल रात्री शटर ओढलं, कुलूप लावायला खाली वाकलो आणि सवयीनं बोलून गेलो, "झालंच ताई, एक मिनिट." उत्तर आलं नाही म्हणून मागं बघितलं तर रस्ता मोकळा. तुमची बदली झाल्याचं परवाच कळलं होतं, पण वाकल्यावर तोंडातून निघायचं ते निघालंच. मग तसाच पायरीवर बसलो थोडा वेळ. म्हटलं हे आता लिहूनच टाकावं, समोर असताना तर कधी धड बोलता आलं नाही.

आधी थोडं मागचं सांगतो, कारण तुम्ही सफाईच्या कामावर आमच्या भागात आलात तेव्हा मी नेमका कसा झालो होतो ते तुम्हाला माहीत नाही. म्हणजे मला वाटतं तुम्हाला कळलं होतं, पण तुम्ही कधी दाखवलं नाही.

तुम्ही येण्याच्या चार महिने आधी असंच कुलूप लावताना मागून एकानं बॅग ओढून नेली. गल्ल्यातले पैसे गेले, ते जाऊ देत. पण त्यानंतर रोज रात्री शटर लावायची वेळ आली की पोटात गोळा यायचा. ज्यानं कधी दुकान बंद केलं नाही त्याला हे समजणार नाही, पण त्या वेळी दोन्ही हात गुंतलेले असतात, मान खाली असते आणि पाठ अख्ख्या रस्त्याकडे. वर आमच्या कोपऱ्यावरचा दिवा बंद, शेजारच्या बोळाच्या तोंडाशी कचऱ्याच्या पिशव्यांचा ढीग, फुटलेल्या बाटल्या, भिंतीवर कसलेही रंग फासलेले. पन्नाशीचा माणूस, घरी कोणाला सांगणार की मला भीती वाटते म्हणून? घरी सांगायचो की हिशोब उरलेत, आणि आत बसून राहायचो, रस्त्यावर चार माणसं दिसेपर्यंत.

तक्रारी केल्या की. तीनदा केल्या. तिसऱ्या वेळी मोबाईलवर मेसेज आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे, आणि तो मेसेज मी त्याच बंद दिव्याखाली अंधारात उभा राहून वाचला. काय निकाली काढलं देव जाणे. मग एक दिवस स्वच्छतेसाठी म्हणून मोठी माणसं आली, हातात कोरे करकरीत झाडू, दहा मिनिटं फोटो, आणि जाताना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या आमच्याच ओट्यावर ठेवून गेले. रात्रीसाठी एक गार्डही नेमला होता मधे. त्याची खुर्ची भिंतीला टेकलेली आणि त्याचा चेहरा कायम मोबाईलच्या उजेडात, त्यामुळे त्या अंधारात तो एकटाच काय तो नीट दिसायचा.

आणि आम्ही दुकानदार तरी काय वेगळे. रात्री खोकी, थर्माकोल, पॅकिंगच्या पट्ट्या त्याच बोळात कोण टाकत होतं? आम्हीच. मीसुद्धा. आधीच ढीग आहे म्हटल्यावर आपल्या एका खोक्यानं काय होतंय.

ह्यावर भाचीनं मला मागे एक प्रयोग सांगितला होता, तो तुम्हाला सांगायचाच राहिला. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरातला, २००८ साली छापून आलेला. बाजारातल्या एका बोळात लोक सायकली लावायचे. तिथं प्रत्येक सायकलच्या हँडलला एकेक जाहिरातीचा कागद अडकवून ठेवला आणि आसपास कचऱ्याचा डबा ठेवलाच नाही. भिंत स्वच्छ होती तेव्हा शंभरातल्या ३३ जणांनी कागद खाली टाकला. त्याच भिंतीवर रेघोट्या मारून ठेवल्या तर ६९ जणांनी. बोळ तोच, कागदही तसाच. आणि पुढचं ऐका, टपालपेटीतून अर्धवट बाहेर आलेलं एक पाकीट, आत पाच युरोची नोट दिसतेय. पेटी स्वच्छ असताना १३ टक्के लोकांनी ते लांबवलं, पेटीवर रेघोट्या असताना २७ टक्क्यांनी, आणि पेटीवर काहीच नाही पण खाली जमिनीवर कचरा, तर २५ टक्क्यांनी. म्हणजे कचरा बघून माणूस नुसता कचरा करत नाही, त्याचा हातही सैल सुटतो. मी ऐकलं आणि पहिला आमचा बोळच डोळ्यासमोर आला. तुम्ही हे न वाचताच जाणत होता, कारण पहिल्या आठवड्यात तुम्ही झाडू मारायच्याही आधी भिंतीवरचे ते अर्धे फाटलेले पोस्टर खरवडत बसला होता. मला तेव्हा हसू आलं होतं, म्हटलं खाली एवढी घाण पडलीये आणि ह्या भिंत काय खरवडतायत. माफ करा.

काचा तुम्ही झाडूनं ओढल्या नाहीत हेही लक्षात आहे. एका पुठ्ठ्याची सुपली केली, मोठे तुकडे हातमोजे घालून वेचले, दुसऱ्या पुठ्ठ्यात गुंडाळले, वरून चिकटपट्टी मारली आणि मग पिशवीत टाकले. मी विचारलं एवढं कशाला, तर म्हणालात, "पुढं गाडीवर कोणीतरी ही पिशवी हातानंच उचलणारे." बस एवढंच. त्या रात्री मी माझी खोकी उलगडून चपटी केली, दोरीनं बांधली आणि दारातच ठेवली. तुम्ही मला तसं करायला सांगितलं नव्हतं.

पण मला आभार मानायचेत ते ह्याचे नाहीत.

साधारण दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मी आत बसलेलो, दिवे मालवलेले, शटर अर्धं खाली, बाहेर माणसं दिसायची वाट बघत. तुम्ही ढकलगाडी घेऊन समोरून गेलात, थोडं पुढं जाऊन थांबलात आणि परत आलात. म्हणालात, "मला इथलं जरा राहिलंय." आणि माझ्या दारासमोरची ती चार फूट फरशी झाडायला लागलात. ताई, ती फरशी तुम्ही पंधरा मिनिटांपूर्वीच झाडली होती, मी आतून बघितलं होतं. एक काडी नव्हती तिथं. मी बाहेर आलो, शटर ओढलं, वाकलो. तुमच्या बगलेत टॉर्च होता तो तुम्ही मागच्या मागं माझ्या कुलपावर धरला आणि स्वतः माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिलात, तोंड रस्त्याकडे. एका हातानं झाडू चालूच, खर्र खर्र, त्याच त्या स्वच्छ फरशीवर.

तुमची ती पाठ मला अजून दिसते. त्या जॅकेटवरच्या दोन चमकत्या पट्ट्या. तुम्ही माझ्याकडे बघत उभ्या राहिला असता तर मला लाज वाटली असती. काय झालं, घाबरलात का, असं विचारलं असतंत तर मी नक्की खोटं बोललो असतो. तुम्ही नुसता रस्ता बघितलात, माझ्या वाटचा. चार महिन्यांत पहिल्यांदा ते कुलूप एका झटक्यात लागलं.

मग ते रोजचंच झालं. "मला इथलं जरा राहिलंय." एकदाही वेगळं वाक्य नाही. पुढं दिव्याचंही काम झालं, खांबाचा नंबर तुम्ही कुठं लिहून नेलात, कोणाच्या मागं लागलात ते मला नीट माहीत नाही आणि त्यात मी शिरतही नाही, पण एका संध्याकाळी दिवा लागला होता. दिवा लागल्यावरही तुम्ही फरशी झाडायला येतच राहिलात. बाहेरगावचे लोक गार्डला सोडून तुम्हाला रस्ता विचारायचे. शेजारच्या दोघी आता उशिरापर्यंत दुकान उघडं ठेवतात. बोळातून लोक जातात येतात, आणि माणसांची ये-जा असली की बाकीचं बरंचसं आपोआप सुधारतं.

आमच्या दुकानदारांच्या बैठकीत मी एकदा विषय काढला होता. १९७० मध्ये कॅनडातल्या टोरांटोत, ब्लूर वेस्ट व्हिलेज भागात, गिऱ्हाईक मॉलकडे पळायला लागलं तेव्हा तिथल्या दुकानदारांनी ठरवलं की भागातल्या सगळ्यांनीच जादा कर द्यायचा, तो नगरपालिकेनं गोळा करायचा आणि त्याच रस्त्यावर खर्च करायचा, दिवे, झाडं, बाकडी. कोण देतो आणि कोण फुकट खातो हा वादच संपला. पुढं जगभर शहरांनी हे उचललं. मी हे सांगितलं तर एकजण म्हणाला, "माझ्या दारापुढं स्वच्छच असतं, मी का देऊ?" त्याच्या दारापुढं कोण झाडतं हे त्याला माहीत नव्हतं! बैठक चहापाण्यावर संपली, बॅनर मात्र छान झाला.

तर ताई, शेवटच्या दिवशी तुम्हाला घाई होती, मुकादमांचा फोन आला आणि टॉर्च माझ्या ओट्यावरच राहिला. मी त्यात नवे सेल टाकलेत, काचेला तडा होता तीही बदलून घेतली. तुमच्या नव्या भागात कसा उजेड आहे कोणास ठाऊक, लागेलच तो तुम्हाला. मी साडेनऊपर्यंत असतो. आणि येताना वेळ ठेवून या, फरशीवर खरंच पानं पडलीयत ह्या वेळी.