हिशेबाला पेटंट नको

संपादक महोदय,

सॉफ्टवेअरला पेटंट मिळावे की नाही, या वादात सॉफ्टवेअर आणि प्रक्रिया दोन्ही एकाच पोत्यात भरली जातात. माझे पोट प्रोग्रॅमिंगवर चालते. तरीही (की म्हणूनच?) मला वाटते, प्रक्रियेला पेटंट जरूर द्यावे, नुसत्या प्रोग्रॅमला नको.

प्रक्रियेचे पेटंट हे काही नवे खूळ नव्हे. अमेरिकेने १७९० साली दिलेले पहिलेच पेटंट पोटॅश बनवण्याच्या पद्धतीला होते. १९८१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रबर पक्के करण्याची एक पद्धत पेटंटयोग्य ठरवली. साच्यातले तापमान सतत मोजायचे, संगणकाने अऱ्हेनियसच्या (तापमानानुसार रासायनिक क्रियेचा वेग सांगणाऱ्या) सूत्रावरून वेळेचा हिशेब पुन्हा पुन्हा करायचा आणि वेळ भरली की साचा आपोआप उघडायचा. सूत्र जुनेच, पण शेवटी हातात नीट तयार झालेले रबर येई. याच न्यायालयाने १९७२ मध्ये दशमान अंकांचे द्विमान (फक्त ० आणि १ वापरणारे) अंक करण्याच्या रीतीला मात्र नकार दिला होता. तिथे अंक आत जात आणि अंकच बाहेर येत. मला ही रेघ पटते. पुढे ती न्यायालयालाच वारंवार सापडेनाशी झाली, ते सोडा.

रेघ पुसली की काय होते, ते 'जिफ' चित्रांनी दाखवले. फाइल लहान करण्याची त्यातली युक्ती म्हणजे एलझेडडब्ल्यू: येऊन गेलेला तुकडा कोशात नोंदवायचा, तो पुन्हा आला की नुसता क्रमांक लिहायचा. १९८४ मध्ये ती नियतकालिकात छापून आली, लोकांनी वाचून वापरली. १९८७ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या कंपनीने तिच्यावर जिफ उभे केले. पेटंटचा अर्ज १९८३ सालीच गेलेला आहे, हे वापरणाऱ्यांच्या गावीही नव्हते. १९९४ अखेर पेटंटची मालक असलेल्या युनिसिस कंपनीने परवान्याचे पैसे मागितले, तोवर जिफ सगळीकडे पसरलेले. लोकांनी वैतागून पीएनजी हा पर्यायी चित्रप्रकार बनवला. त्याहून मोठी गंमत म्हणजे, याच युक्तीसाठी आयबीएमच्या दोघांनी तीन आठवडे आधी अर्ज केला होता, आणि पेटंट कार्यालयाने दोन्ही पेटंटे मंजूर केली! आपल्याच कपाटातले दोन अर्ज सारखे आहेत हे ज्यांना उमगले नाही, त्यांच्या भरवशावर माझ्या पन्नास ओळींत कुणाचा हक्क दडला आहे हे मी कसे ओळखू? मी कुणाची नक्कल न करता, स्वतःच्या डोक्याने लिहिले तरी पेटंटभंग होतोच. कॉपीराइटचे तसे नाही.

मग खपून नवा अल्गोरिदम (गणिती रीत) काढणाऱ्याने काय करायचे? प्रश्न खोटा नाही. आरएसए या संदेश गुप्त ठेवणाऱ्या कूटलेखनासारखे काम पाहिले की मीही डळमळतो. पण एमआयटीतल्या तिघांना १९७७ मध्ये जे सुचले, ते ब्रिटनच्या गुप्तवार्ता खात्यात क्लिफर्ड कॉक्स यांनी १९७३ मध्येच मांडून ठेवले होते; म्हणजे पेटंटच्या आशेवाचूनही ते सुचलेच.

शिवाय पेटंट हा सौदा आहे: रीत जगाला उघड करून सांगा, २० वर्षे मक्ता घ्या. रसायनाच्या पेटंटात तापमान किती, वेळ किती, हे लिहिलेले असते. सॉफ्टवेअरच्या पेटंटांत मला बहुतेक वेळा भेटतात ते 'माहिती साठवणारे साधन', 'माहितीवर प्रक्रिया करणारे साधन' आणि चौकोन-बाणांची एक आकृती. त्यावरून चालता प्रोग्रॅम लिहिणे मला तरी आजवर जमलेले नाही.

आपला,
एक प्रोग्रॅमर वाचक