कार्ड आलमारीतच राहिलं

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर चार दिवसांनी आलमारी आवरायला काढली. तुझ्या मार्कशीटांच्या थैलीत सिकलसेलचं कार्ड निघालं. उन्हाळ्यात मीच ते तुझ्या पर्सच्या चेनच्या कप्प्यात ठेवलं होतं, मला पक्कं आठवते. कार्डाला काही पाय नसतात. पण असो. भाऊबीजेच्या रात्री झालं ते झालं, मी भांडायला लिहीत नाही. फोनवर माझा आवाज चढते आणि तू फोन ठेवते, म्हणून कागद घेतला. कार्ड सोबत पाठवते आहे. ट्रॅव्हल्सवाल्या पोराजवळ डबा देते, त्यात जवसाच्या चटणीखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं आहे.

आधीच सांगते, नाकाचं ऑपरेशन करू नको असं मी म्हणणार नाही. सव्वीस वर्षांची आहे तू. स्वतःचं कमावते. कृषी केंद्राची दोन वर्षांची उधारी तूच फेडली, हे मी गावात सगळ्यांना सांगते, तुला आवडत नाही तरी सांगते. नाक तुझं आहे. मला एवढंच विचारायचं आहे की भुलीच्या डॉक्टरला तू सिकलसेलची वाहक असल्याचं सांगितलं का? फॉर्मवर लिहिलं का?

सिकलसेलचा दोष रक्तात असला तरी वाहक म्हणजे आजारी नव्हे, त्याला बहुतेक कधी काही त्रास होत नाही, हे मीच घरोघरी सांगत फिरते. 2023 च्या 1 जुलैला शहडोलहून सिकलसेलची ती मोठी मोहीम निघाली, तेव्हापासून तर चाळिशीच्या आतल्या एकेकाला धरून बोटाचं रक्त द्यायला नेलं. कोणी घाबरलं की म्हणते, "काहून भेते वं, माही पोरगी वाहक आहे, पुण्याले इंजिनिअर आहे." आता मीच भिते. कारण भूल दिल्यावर वाहकाचीही काळजी घ्यावी लागते. अंगातलं पाणी कमी झालं, ऑक्सिजन कमी पडला, अंग गार पडलं, तर त्या लाल पेशी इळ्यासारख्या वाकू शकतात. ऑपरेशनची खोली थंडगार असते, आणि आधी उपाशी ठेवतात. डॉक्टरला माहीत असलं तर तो सलाइन लावते, अंग गरम ठेवते, ऑक्सिजनवर नजर ठेवते. अवघड काहीच नाही. फक्त त्याला माहीत पाहिजे.

नाकाचं म्हणशील तर तुझ्या नाकाला पहिला हात मीच लावला. तू पंधरा दिवसांची होती. आंघोळ घालणारी बाई तुला पायावर घेऊन तेल जिरवायची आणि चिमटीत नाक धरून वर ओढायची. मी खाटेवरून म्हणायची, "अजून जरासक वढ वं बाई, बापावर गेली." तू रडून निळी पडायची. आता बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाते तेव्हा सासूच्या हातातली तेलाची वाटी बाजूला ठेवते आणि सांगते की नाक ओढून सरळ होत नाही, नाकात तेल तर बिलकुल सोडू नका. दर वेळी तूच आठवते. शाळेत पोरं तुला काय म्हणत तेही मला माहीत होतं. आणि मागच्या वर्षी ते वर्ध्याचे पाहुणे चहा पिऊन गेल्यावर त्यांच्यातली बाई फाटकात जे बोलली, ते मी तुला सांगायला नको होतं. का सांगितलं, मला अजून कळत नाही.

बाबा रागावले नाहीत. दाढी करताना आरसा जास्त वेळ धरतात, बस. परवा म्हणाले, "माह्या मायचं नाक आहे हे. तिले कधी कोणी काही म्हटलं नाही. तिचा तर फोटोई नाही." मी म्हटलं, फोटो नाही म्हणूनच कोणी म्हटलं नसेल. तेव्हा हसले.

तू त्या रात्री बैल हाकणाऱ्या माणसाची गोष्ट सांगत होती ना, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं आणि पुण्याकडच्या एका विटा पाडणाऱ्यानं कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवं नाक बसवलं, 1794 मध्ये लंडनच्या मासिकात त्याचं चित्र छापून आलं. मी ऐकून घेतलं नाही. नंतर दोन रात्री तोच डोक्यात होता. तेव्हा तर भूलही नव्हती, कसं सोसलं असेल त्यानं! पण त्याचं नाक गेलं होतं, सोनू. तुझं जागेवर आहे, त्यातून श्वास येते.

श्वासावरून आठवलं. हाड आणि कूर्चा कमी करताना श्वासाची वाट अरुंद होऊ शकते, ते स्पष्ट विचार. कॉम्प्युटरवर "असं दिसेल" म्हणून दाखवतात ते चित्र असते, त्याची हमी कोणी देत नाही. नाकावरची पट्टी आठवड्याभरात निघते, डोळ्यांखालचं काळंनिळं दोनेक आठवड्यांत जाते, पण सूज पुरी उतरून खरं नाक दिसायला वर्ष लागते. चष्मा काही आठवडे नाकावर टेकवता येत नाही, मग दिवसभर कॉम्प्युटरवर काय करशील? डोकेदुखीच्या गोळ्या तू चण्यासारख्या खाते, त्यातल्या काहींनी रक्त जास्त वाहते, कोणत्या आणि कधीपासून बंद करायच्या ते विचार. डॉक्टरच्या नावापुढे काय लिहिलं आहे ते बघ. प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पाहिजे, नाहीतर नाक-कान-घशाची एम.एस. आणि अशा नाकांचा हात असलेला. नुसतं कॉस्मेटॉलॉजिस्ट असेल तर उठून ये. नोंदणी क्रमांक माग, लाजू नको, आम्ही गावात औषधाची एक्स्पायरी मागतो तसं. कानाच्या वरच्या भोकाची गाठ दाखव. दहावीत टोचलं आणि ती खूण वाटाण्याएवढी वाढली, अशा कातडीवर बाहेरून काप घेण्याआधी डॉक्टरला ते कळलं पाहिजे. भूल पूर्ण देणार की तेवढ्या जागेपुरती? भुलीचा डॉक्टर शेवटपर्यंत तिथंच थांबणार की सुई टोचून दुसरीकडे जाणार?

बघ, पुन्हा भुलीवरच आले. महिन्याच्या बैठकीत वाचून दाखवल्यासारखं झालं हे सगळं. माफ कर. तू माझ्या आधी वाचलं असशील.

पण दादाचं सगळं तुला माहीत नाही. तू आठ वर्षांची होती, मामाकडे ठेवलं होतं तुला. त्याचं पोट दुखायला लागलं, अपेंडिक्स निघालं. दोन ठिकाणी सिकलसेल म्हटल्याबरोबर "मोठ्या दवाखान्यात न्या" म्हणून वाटेला लावलं. तिसऱ्या ठिकाणी रात्रीचे अकरा वाजले. जीपवाला परत जायची घाई करत होता. सहीचा कागद समोर आला तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. कोणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. ऑपरेशन चांगलं झालं. दुसऱ्या दिवशी त्यानं उठून पाणी मागितलं, तुझ्याबद्दल विचारलं, सोनूनं माही सायकल तर नाही नेली म्हणे. तिसऱ्या दिवशी छाती भरली. त्याच्या तपासणीचा कागद पूर्ण वेळ माझ्या ब्लाउजमध्ये होता. काढला तेव्हा घामानं शाई पसरली होती.

दोन वर्षांनी मी आशाचं काम घेतलं. गावाला वाटते पैशासाठी घेतलं.

मी दोष देत नाही कोणाला. तू का लपवते तेही समजते. रूमवरच्या पोरींना सांगितलं नाही, त्या मुलालाही नसेल सांगितलं. (त्यालाही एकदा तपासायला सांग. दोघं वाहक निघाले तर पोटच्या पोराला आजार होऊ शकतो, ते आपल्या घरानं पाहिलं आहे. पण ते नंतर, हे पत्र त्याच्यासाठी नाही.) डॉक्टरला सांगितलं म्हणजे गावात दवंडी झाली असं होत नाही, बेटा.

बाबांनी तुझ्या ऑपरेशनचे दीड लाख कापसात मोजले. 2025-26 च्या 8110 हमीभावानं साडेअठरा क्विंटल, म्हणजे यंदाचा आपला सगळा कापूस, आणि तो भावही लांब धाग्याला, सरकारी केंद्रावर नंबर लागला तर. मी म्हटलं, तिचा पगार, तिचा हिशेब. हप्त्यावर मात्र करू नको. झालं, आता पैशाचं काढत नाही.

तू 12 तारीख म्हटली होती. मी 10 च्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं आहे, घाटंजीहून यवतमाळपर्यंत बाबा सोडतील. उपकेंद्रात पोरीकडे जाते एवढंच सांगितलं. येऊन रडणार नाही. नाकाबद्दल एक शब्द काढणार नाही, बाहेर बाकावर बसून राहीन. फक्त भुलीचा डॉक्टर आधी तपासायला येईल तेव्हा मला दोन मिनिटं आत राहू दे. तू सांगितलं तर मी गप्प. नाही सांगितलं तर मी सांगीन, मग तू वर्षभर बोलली नाही तरी चालेल.

कार्ड मिळालं की मिस्ड कॉल दे. चटणीत तेल जास्त झालं आहे, डबा आडवा करू नको.

तुझी,
आई