अँटवर्पचा चौथा क्रमांक

ऑलिम्पिकमधील मराठी मल्लांवरचा रविवार पुरवणीतील लेख खाशाबा जाधवांच्या १९५२च्या कांस्यपदकापासूनच सुरू होतो, हे खटकले. त्याआधी ३२ वर्षे, १९२०मध्ये सर दोराबजी टाटांच्या पुढाकाराने भारताचा चिमुकला संघ बेल्जियममधील अँटवर्पच्या ऑलिम्पिकला गेला होता. त्यातील रणधीर शिंदे फेदरवेट या हलक्या वजनगटातील फ्रीस्टाइल कुस्तीत चौथे आले. कांस्यपदकाची लढत ते ब्रिटनच्या बर्नार्डकडून हरले. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९वे आले, आणि ती शर्यतही नेहमीपेक्षा लांब, पावणेत्रेचाळीस किलोमीटरची होती! २०१६च्या ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्ट दीपा कर्माकरच्या चौथ्या क्रमांकाचे आपण तोंडभरून कौतुक केले, ते योग्यच होते. मग शिंदे यांचा साधा उल्लेखही का नसावा? पुढील लेखात शिंदे आणि चौगुले या दोघांना जागा द्यावी, ही विनंती.

– एक कुस्तीप्रेमी वाचक, कोल्हापूर