क्रॉसमॅग्लेनचा इतिहास 1887पासून सांगायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उत्तर आयर्लंडमधील क्रॉसमॅग्लेन रेंजर्स या गेलिक फुटबॉल क्लबवरील लेख वाचला. असा विषय मराठीत क्वचितच येतो, म्हणून आभार. मात्र लेखकाने कहाणी थेट ब्रिटिश सैन्याच्या तळापासून सुरू केल्याने हा क्लब जणू तिथल्या ब्रिटिश सत्तेवरून झालेल्या सशस्त्र संघर्षातूनच जन्मला, असा समज होतो.

हर्लिंग (काठी-चेंडूचा खेळ) आणि गेलिक फुटबॉल या आयर्लंडच्या देशी खेळांना संघटित रूप देण्यासाठी मायकेल क्युसॅक व त्यांचे सहकारी 1 नोव्हेंबर 1884 रोजी थर्ल्स येथील एका हॉटेलात जमले आणि पुढे तीनच वर्षांत, 1887मध्ये, आर्मा परगण्याच्या दक्षिणेला सीमेलगत असलेल्या या लहानशा गावात रेंजर्सची स्थापना झाली. म्हणजे 1970च्या दशकाच्या आरंभी मैदानाला खेटून तळ उभा राहिला आणि मैदानाची काही जागाही सैन्याने घेतली, तेव्हा क्लबने ऐंशी पावसाळे पाहिलेले होते. हेलिकॉप्टरांची ये-जा चालू असतानाही सामने थांबले नाहीत, ते या जुन्या मुळांमुळे, असे मला वाटते.

लेखातील ‘व्यावसायिक खेळाडू’ हा उल्लेखही दुरुस्त व्हावा. या खेळांत मानधन नसते आणि खेळाडू सहसा आपल्या गावाकडूनच खेळतो. लिलावांना सरावलेल्या आपल्या क्रिकेटवेड्यांना हे चटकन पटणार नाही. जेमतेम दीड-दोन हजार वस्तीच्या या गावाने 1996 ते 2008 अशी सलग 13 वर्षे परगण्याचे अजिंक्यपद राखले आणि अखिल आयर्लंड क्लब स्पर्धा सहा वेळा जिंकली. त्यांपैकी 1997, 1999 आणि 2000ची विजेतेपदे सैन्य शेजारी असतानाची आहेत.

त्या तिन्ही वेळचे प्रशिक्षक जो कर्नन पुढे आर्मा परगण्याच्या संघाकडे गेले. परगण्यांच्या अखिल आयर्लंड स्पर्धेच्या 2002च्या अंतिम सामन्यात केरी परगण्याविरुद्ध क्रॉसमॅग्लेनच्याच ओशीन मॅकॉन्व्हिल यांची पेनल्टी पूर्वार्धात गोलरक्षकाने अडवली. उत्तरार्धात त्यांनीच गोल मारला, त्याचे तीन गुण मिळाले आणि आर्मा अवघ्या एका गुणाने जिंकून प्रथमच अखिल आयर्लंड विजेता ठरला. आपल्या लेखात या सामन्याला एक ओळही नाही. छायाचित्रे मात्र सगळी टेहळणी मनोऱ्यांची आहेत.

आपला नम्र,
एक वाचक, सांगली