गोधडी प्रदर्शनातल्या मावशींचे आभार

प्रदर्शनात दाराजवळ वाकळ शिवत बसलेल्या मावशी, तुमचं नाव विचारायचं राहिलं. मनापासून आभार.

घरच्या मशीनवर तीन थरांची गोधडी दर वेळी चुणत होती. कारण तुम्ही दाखवलंत: मशीनचे दाते (सुईखाली कापड पुढे सरकवणारे) खालचा थर ओढतात, वरचा मागे राहून गोळा होतो. मग स्वतःचं काम बाजूला ठेवून तुम्ही जमिनीवर जुन्या सुती साड्या ताणून अंथरल्यात आणि मधून कडांकडे, चार-चार बोटांवर कच्चे टाके घातलेत. माझी वाकडी ओळ तीनदा उसवलीत, तेही न कंटाळता. मशीनसाठी सांगितलंत: 16 नंबरची सुई, टाका 3.5 मिलिमीटर, प्रेसर फुटाचा, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाचा, दाब कमी. नवं अस्तर मात्र आधी धुवायचं, नाहीतर ते नंतर आटतं आणि गोधडी आकसते.

आता शिवण सपाट बसते, मावशी.