टनांच्या भागाकारातून कंटेनरची मागणी कळत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

लहान बंदरातून कंटेनर वाहतूक सुरू करण्याचा विषय निघाला की धक्क्याची लांबी आणि पाण्याची खोली यांवर भरपूर खल होतो. मागणीचा अंदाज मात्र परिसरातील एकूण टनांना दर कंटेनरमागच्या सरासरी टनांनी भागून उरकला जातो. मालपाठवणीच्या धंद्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माझ्यासारख्याला हा भागाकारच फसवा वाटतो. वीस फुटी कंटेनरमध्ये सुमारे ३३ घनमीटर जागा असते आणि त्यात साधारण २८ टन माल भरता येतो. ग्रॅनाइट भरले, तर निम्म्याहून अधिक जागा मोकळी असतानाच वजनाची मर्यादा संपते. फोमच्या गाद्या भरल्या, तर जागा संपते आणि वजन मर्यादेच्या आसपासही फिरकत नाही.

त्याहून मोठी गफलत रिकाम्या कंटेनरबाबत होते. आयात आणि निर्यात यांचे आकडे कागदावर जुळले, तरी भंगार घेऊन चाळीस फुटी कंटेनर आले आणि धान्यासाठी वीस फुटी हवे असले, तर त्या जुळणीचा उपयोग शून्य. धान्य भरण्यापूर्वी आमचा माणूस रिकाम्या कंटेनरमध्ये शिरतो, दार बाहेरून लावून घेतो आणि अंधारात कुठून उजेडाचा कवडसा येतो का, ते पाहतो. कवडसा दिसला किंवा आधीच्या मालाचा वास आला, की तो कंटेनर परत. मग योग्य कंटेनर मोठ्या बंदरातून रिकामा आणावा लागतो आणि जवळच्या बंदरामुळे वाचणारे ट्रकभाडे तिथेच खर्ची पडते.

शिवाय हा माल आज कुठेच जात नाही असे थोडेच आहे? तो मोठ्या बंदरातून जातच आहे. लहान बंदरातून बहुधा फीडर, म्हणजे मोठ्या बंदरापर्यंत कंटेनर पोचवणारे छोटे जहाजच सुटणार आणि पुढे मोठ्या जहाजावर माल चढवावा लागणार. तिथली जोडणी चुकली, की आठवडा गेला. म्हणून निर्यातदाराला ‘जवळ बंदर हवे का?’ असे विचारू नये, त्याला कोण नाही म्हणेल! कारखान्यापासून अंतिम बंदरापर्यंतचा पूर्ण खर्च आणि दिवस समोर ठेवून, आठवड्याला किती कंटेनर इकडे वळवाल आणि हंगाम सरल्यावर किती उरतील, हे विचारावे. दर आठवड्याची नियमित फेरी वर्षातून ५२ वेळा भरावी लागते, निव्वळ हंगामात नव्हे. सर्वेक्षण करणाऱ्यांनी आयात-निर्यातीचे आकडे महिनावार आणि कंटेनरच्या प्रकारानुसार वेगवेगळे मांडावेत, एवढीच विनंती.

आपला,
एक मालवाहतूक व्यावसायिक