प्रत्येक कमांडखाली दुसरी ओळ लिहिणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

माझा लॅपटॉप फोनवरून मार्गी लावून दिलात, त्याबद्दल मी आभार मानायला लागले तर तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून विषय संपवलात. माझ्या बाजूने तो संपलेला नाही, म्हणून चार लोकांसमोर हे लिहिते आहे. नाव तेवढं घेत नाही. ते तुम्हाला रुचणार नाही, एवढं तुम्हाला ओळखते.

तुमच्यापर्यंत पोहोचले तेव्हा माझ्या लॅपटॉपवर टर्मिनलच उघडत नव्हतं. आयकॉनवर क्लिक केलं की क्षणभर काहीतरी फिरायचं आणि थांबायचं. विंडो नाही, एरर नाही. जिथे कमांड टाकून दुरुस्ती करायची, तीच जागा बंद. आणि माझी मागणी तरी केवढी होती? माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स सिस्टिम, तिच्यासोबत पायथन या प्रोग्रामिंग भाषेची ३.१० ही आवृत्ती येते. मला कामासाठी नमपाय २.३ हे पायथनमधलं आकडेमोडीचं पॅकेज हवं होतं आणि त्याला किमान पायथन ३.११ लागतं. म्हणजे एक नवं पायथन हवं होतं, बस.

तुमच्याआधी मी ज्यांना विचारलं, त्यांच्याबद्दल लिहू नये असं ठरवलं होतं. पण लिहिते, कारण त्यांच्याशिवाय तुमचं मोल सांगता येत नाही. एकाने "डॉक्युमेंटेशन वाचा" म्हणून वाटेला लावलं. कुठलं, कुठून, ते नाही. दुसऱ्याने लिनक्स हे माझं काम नाही, असा निकालच देऊन टाकला. तिसऱ्या गृहस्थांवर माझा भरवसा होता. त्यांनी पीपीएमधून, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या नसलेल्या बाहेरच्या पॅकेज-साठ्यातून, पायथन ३.१२ घ्यायला लावलं आणि मग सिस्टिममधलं 'पायथन३' हे नाव त्या नव्या आवृत्तीकडे वळवणारी कमांड पाठवली. "बिनधास्त टाका, सगळे हेच करतात." टर्मिनल गेल्याचं कळवलं तर उत्तर आलं, "मग फॉरमॅट मारा." त्यानंतर उत्तर यायचंच थांबलं. मला राग कमांड चुकल्याचा नाही. धोका माहीत असूनही तो सांगायची तसदी घेतली नाही, आणि अंगाशी आल्यावर माणूस गायब झाला, याचा आहे. तो अजून गेलेला नाही.

तुम्ही काय केलंत? आधी विचारलंत, "लॅपटॉपमध्ये काम किती आहे? बॅकअप आहे का?" नव्या पायथनचा विषय तुम्ही बराच वेळ काढलाच नाहीत.

मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबायला सांगितलंत. सगळा डेस्कटॉप जाऊन काळा पडदा आला, त्यावर फक्त लॉगिन. पण त्याच्याआधीच तुमचा मेसेज येऊन पडला होता: "स्क्रीन काळी होईल. परत यायचं असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ२." आणि त्याखाली, "पासवर्ड टाइप करताना काही उमटणार नाही. तसंच असतं, टाकत राहा." पडदा काळा झाला तेव्हा माझ्या हातात परत फिरायची किल्ली होती. ते काही सेकंद मी कसे काढले असते ते मलाच माहीत.

पुढे सगळं याच रीतीने. प्रत्येक कमांडखाली एक दुसरी ओळ: हे नको वाटलं तर असं मागे घ्या. एखादं पॅकेज टाकायला सांगितलंत, तर खाली ते काढायची कमांड. एखादं फोल्डर बनवायला सांगितलंत, तर खाली ते पुसायची. एका ठिकाणी मात्र ती ओळ वेगळी होती. 'पायथन३' हे नाव पुन्हा ३.१० कडे वळवायच्या कमांडखाली तुम्ही लिहिलंत, "हिची उलटी कमांड देत नाही. ही स्वतःच उलटी आहे, तुमचं मशीन होतं तसं करते आहे." एंटर दाबलं, डेस्कटॉपवर परत आले, आयकॉनवर क्लिक केलं आणि टर्मिनल उघडलं. फोनवर मला बोलता येईना. तुम्हीही गप्प राहिलात, घाई केली नाहीत.

कारण तुम्ही नंतर सांगितलंत, तेही मी विचारल्यावर. उबुंटूतलं हे टर्मिनल सुरू करणारी फाइल ही स्वतःच एक छोटी पायथन स्क्रिप्ट आहे. तिला लागणारं एक मॉड्यूल ३.१० साठी बांधलेलं असतं. नाव ३.१२ कडे वळलं की ते मॉड्यूल सापडत नाही आणि स्क्रिप्ट तिथेच बसते. नवी रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजचा साठा, जोडायचं साधनही तसंच पायथनवर चालतं. म्हणजे सिस्टिमचं पायथन हे सिस्टिमच्या कामाचं आहे, त्याच्या जागी दुसरं बसवायचं नसतं. आपलं पायथन त्याच्या शेजारी, आपल्या वेगळ्या नावाने राहतं. ३.१२ तर मशीनवर आलेलंच होतं! ते काढायचीही गरज पडली नाही. त्यातून एक व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केलं, म्हणजे माझ्याच होम फोल्डरमध्ये एक वेगळं फोल्डर, आणि नमपाय त्यात टाकलं. तिथे सुडो, म्हणजे सिस्टिममध्ये बदल करायचा अधिकार, लागलाच नाही. दोन पावलांवर होतं सगळं, आणि मला फॉरमॅट मारायला सांगितलं गेलं होतं.

हा तुमचा एकट्याचा आग्रह नाही हे मी नंतर वाचलं. पीईपी ६६८ नावाचा पायथनवाल्यांचा प्रस्ताव नेमका याचसाठी आहे आणि उबुंटू ज्यावर उभं आहे त्या डेबियनमध्ये, २०२३ साली आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून, तो लागू आहे. तिथे पिपने, म्हणजे पायथनची पॅकेजेस टाकायच्या साधनाने, थेट सिस्टिमच्या पायथनमध्ये काही टाकायला गेलं की मशीन अडवतं. पण नुसतं अडवत नाही. त्याच एरर मेसेजमध्ये एपीटीने, म्हणजे सिस्टिमच्या आपल्या साधनाने, कसं टाकायचं, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट कसं बनवायचं, हे लिहिलेलं असतं. कुणीतरी बसून विचार केला असणार की अडलेल्या माणसाला या क्षणी काय लागेल. तो मेसेज वाचताना मला तुमची आठवण झाली. ज्ञान पुष्कळांकडे असतं हो. समोरचा घाबरलेला आहे, हे ध्यानात ठेवून ते देणारी माणसं निराळी. अशांच्या जिवावर ही फुकट मिळणारी, हजारो हातांनी बनवलेली सिस्टिम चालते असं मला मनापासून वाटतं.

आणि तो शेवटचा प्रकार. नमपाय चाललं, आवृत्ती २.३ दिसली, मी फोन ठेवणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "आता ते फोल्डर डिलीट करा." मी म्हटलं, "अहो, आत्ता तर झालंय!" "म्हणूनच. करा." केलं. टर्मिनल उघडत होतं, बाकी सगळं जागच्या जागी. मग म्हणालात, "आता तुमचं तुम्ही परत बनवा, मी ऐकतोय." मी कमांड मोठ्याने वाचत टाकत गेले आणि तुम्ही फक्त "हं" म्हणत राहिलात. नमपाय दुसऱ्यांदा चाललं तेव्हा ते माझं मी केलेलं होतं. त्यानंतर मी लॅपटॉपला भ्यायले नाही. वेगवेगळ्या कामांना वेगळी एन्व्हायर्नमेंट करते, नको झालं की बेधडक पुसते.

२२.०४ चा नेहमीचा सपोर्ट २०२७ पर्यंत आहे, म्हणजे २४.०४ वर जावं लागेलच. तिथे सिस्टिमचंच पायथन ३.१२ आहे. मग हे पीपीएवालं आधी काढायचं की नंतर, ते तुम्हाला विचारूनच करीन. खालची दुसरी ओळही पाठवा.

कळावे, लोभ असावा.

आपली ऋणी